बॅटरी बसली आणि स्टिरिओवर "सेफ" आलं, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरला राहणारं कुटुंब, 2012 ची सेकंड हॅन्ड फोक्सवॅगन पोलो. मे महिन्यात सगळे कोकणात गावी गेले, गाडी सोसायटीत तीनेक आठवडे तशीच उभी. परत आले तर बॅटरी पार बसलेली, रिमोटने लॉकसुद्धा उघडेना. नाक्यावरच्या बॅटरीवाल्याने नवीन बॅटरी टाकून दिली, गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली पण स्टिरिओवर नुसतं "सेफ" लिहून येतंय. बॅटरीवाल्याने अंदाजे चार आकडे मारून बघितले, मग घरी मुलाने मारले, आता सेट बटणांना दादच देत नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात सेट बदला, युट्यूबवर कोणीतरी सांगतंय बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा आपोआप रिसेट होतो. ह्यातलं खरं काय आणि करायचं काय?

सेट बदलू नका. आणि बॅटरीची वायर तर अजिबात काढू नका, ती काढलीत की आत्ता जी शिक्षा चालू आहे ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

आधी हे होतं कसं ते सांगतो म्हणजे पुढचं सगळं पटेल. स्टिरिओला मागून दोन लाइनी येतात, एक चावी फिरवल्यावर येणारी आणि एक चोवीस तास चालू असणारी. बाजारातल्या सेटच्या वायरिंगमध्ये पहिली लाल आणि दुसरी पिवळी असते, काळी म्हणजे अर्थ. ह्या पिवळ्या लाइनवर सेटचं घड्याळ चालतं, स्टेशनं लक्षात राहतात. ती लाइन तुटली, मग बॅटरी बदलताना तुटो नाहीतर बॅटरी मरून तुटो, सेट समजतो की मला कोणीतरी डॅशबोर्डमधून उपटून काढलंय. पुन्हा करंट आला की तो आधी कोड विचारतो. तुमच्या सेटमध्ये बिघाड काहीच नाही, तो त्याचं काम करतोय. चोराने सेट काढून नेला तर त्याला तो कुठे वाजवता येऊ नये म्हणून ही सोय आहे. नव्वदच्या दशकातली लोकं आठवा, पार्किंगमधून सेट जातो म्हणून हँडलवाला सेट काढून बगलेत मारून नाटकाला जायची, नंतर पुढचं पॅनल काढून खिशात टाकायचे सेट आले, आणि कंपनी फिटिंगवाल्यांनी हा कोडचा मार्ग घेतला.

आता मुद्द्याची गोष्ट. घड्याळ आणि स्टेशनं जिथे असतात ती मेमरी करंटवर जगते. कोड तिथे नसतो. तो एका आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये लिहिलेला असतो, तिला ईईप्रॉम म्हणतात, आणि तिला करंट लागतच नाही. अर्धा तास काय, गाडीतून सेट काढून दोन वर्षं माळ्यावर टाकलात तरी कोड तिथेच राहणार. म्हणून ते वायर काढायचे व्हिडिओ ह्या कामाला निरुपयोगी आहेत. फ्रीझरमध्ये सेट ठेवायचा पण एक सल्ला फिरतो, तो तर मुंबईच्या हवेत करूच नका, बाहेर काढल्यावर आत बोर्डवर पाणी सुटतं आणि मग खरंच नवीन सेट घ्यावा लागतो.

तुमचा सेट दाद का देत नाही? फोक्सवॅगनच्या ह्या सेटना दोन चान्स असतात. पहिला चुकला तर पुन्हा विचारतो, दुसरा चुकला की साधारण एक तास कुलूप. एक चान्स बॅटरीवाल्याने खाल्ला, एक मुलाने. आता हा जो तास आहे तो सेट चालू असतानाच मोजला जातो, म्हणजे चावी लावलेली, सेटचं बटण ऑन, समोर "सेफ" दिसतंय, असं तासभर सोडायचं. बहुतेक लोक इथेच फसतात, "सेफ" दिसलं की वैतागून बंद करतात, दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर तेच, कारण रात्रभर सेट बंद होता आणि तास काही पुढे सरकलाच नाही.

तासभर चावी ऑन ठेवायची म्हणजे बॅटरीचा विचार करावा लागतो. नवीन बॅटरी आहे म्हणून सहज निघेल, पण जुनीच चार्ज करून टाकली असती तर मी चार्जर लावूनच बसायला सांगितलं असतं, कारण व्होल्टेज खाली आलं की सेट मध्येच झटका खाऊन बंद होतो आणि पुन्हा शून्यापासून. इंजिन चालू ठेवून तास काढायचा असेल तर आधी गाडी स्टार्ट करा आणि मग सेट ऑन करा, सेल्फ मारताना सेटची चावीवाली लाइन क्षणभर जाते. आणि हे उघड्यावर करा. खाली बेसमेंटला पार्किंग असेल तर तिथे तासभर इंजिन चालू ठेवून काच लावून बसू नका, धूर साचतो, त्याचा वास येईलच असं नाही आणि माणूस जातो त्याने.

तो तास चालू असताना खरं काम करायचं, ते म्हणजे कोड शोधणं. कोड हातात येईपर्यंत एकही आकडा मारायचा नाही. 0000, 1234, जन्मतारीख, काही नाही. चार आकड्यांचे दहा हजार जोड होतात आणि तासाला दोन चान्स, म्हणजे सगळे मारायला पाच हजार तास, दिवसरात्र बसलात तरी दोनशे दिवसांच्या वर. अंदाजाने उघडणारच नाही असं समजून चाला.

कोड कुठे सापडतो? ग्लव्ह बॉक्समधल्या मॅन्युअलच्या पाकिटात एक छोटं कार्ड असतं, क्रेडिट कार्डाएवढं, त्यावर रेडिओ असं लिहून खाली नंबर आणि चार आकडे. काही कार्डांवर स्क्रॅच पट्टी असते. सेकंड हॅन्ड गाडीत हे कार्ड बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या घरी दुसऱ्या चावीच्या किंवा पहिल्या इन्शुरन्सच्या कागदांत राहिलेलं असतं. त्यामुळे गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन करा, लाजू नका. एजंटकडून घेतली असेल तर आरसीवर आधीच्या मालकाचं नाव नसतं पण ट्रान्सफरच्या वेळच्या फॉर्मवर असतं, 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, त्याची झेरॉक्स तुमच्या फाइलमध्ये असेल. काही लोकांनी हुशारीने ग्लव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर पेनाने लिहून ठेवलेलं असतं, तेही बघा. सर्व्हिस बुकची पहिली पानं पण चाळा.

नाही मिळालं तर सेट बाहेर काढून त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचावं लागतं. पोलोमध्ये आधी बाजूची पट्टी सैल करायची, मग स्क्रू. पट्टी काढायला स्क्रू ड्रायव्हर घुसवू नका, प्लास्टिकचं चपटं हत्यार मिळतं ते वापरा, एवढी वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि कटकन तुटतं, मग कोड मिळतो पण डॅशबोर्ड आयुष्यभर खडखडतो. जुन्या सिंगल डिन, म्हणजे कमी उंचीच्या एका खणाच्या सेटना पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात, त्यात यू आकाराच्या किंवा पट्टीसारख्या चाव्या घालून सेट ओढायचा असतो. जमत नसेल तर कुठल्याही ॲक्सेसरीवाल्याकडे जा, त्याचं पंधरा मिनिटांचं काम आहे. बाहेर काढल्यावर मागचा प्लग काढायची गरज नाही, वायर पुरते तेवढा पुढे घ्या आणि मोबाइलने फोटो काढा. स्टिकरवर व्हीडब्ल्यूझेड अशी तीन अक्षरं सुरुवातीला असलेला चौदा अक्षरांचा नंबर दिसेल, स्कोडाच्या सेटवर एसकेझेड असतं. तो सेटचा सीरियल नंबर, आणि कोड ह्या नंबरला बांधलेला असतो.

मग डीलर. इथे सांगण्याची पद्धत महत्त्वाची आहे. रिसेप्शनवर "स्टिरिओ बंद आहे" असं बोललात की जॉब कार्ड बनतं, तपासणी होते आणि शेवटी नवीन सेटचं कोटेशन हातात येतं. त्याऐवजी पार्ट्स काउंटर किंवा वॉरंटीवाल्या माणसाला भेटा आणि सरळ म्हणा की मला रेडिओ कोड काढून हवाय, हा सेटचा सीरियल, हा चेसिस नंबर, ही आरसी, हे माझं ओळखपत्र. कंपनीच्या सिस्टीममध्ये ती रिक्वेस्ट टाकायची सोय असते. काही ठिकाणी फुकट देतात, काही थोडे पैसे घेतात, एक-दोन दिवस लागू शकतात. फक्त चेसिस नंबरवर काढलेला कोड नेहमी लागेलच असं नाही, कारण सेकंड हॅन्ड गाडीत सेट मधेच कधीतरी बदललेला असू शकतो, मूळ सेट बिघडला म्हणून कोणीतरी चोर बाजारातून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दुसऱ्या गाडीचा आणून बसवला असेल तर चेसिसवाला कोड चुकीचाच येणार आणि तुमचा अजून एक चान्स जाणार. म्हणून स्टिकरचा फोटो न्याच.

डीलरकडेही काम झालं नाही तर लॅमिंग्टन रोड आहे. आता त्याचं कागदावरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे पण टॅक्सीवाला अजून लॅमिंग्टनच म्हणतो. तिथल्या रिपेअरिंगच्या दुकानांत, आणि ठाण्या-अंधेरीतही काही जण आहेत, सेट उघडून ती आठ पायांची चिप प्रोग्रामरवर वाचतात, त्यातून कोड निघतो. चांगला कारागीर चिप न काढता क्लिप लावून वाचतो किंवा नीट हॉट एअरने काढून परत बसवतो. काम देण्याआधी दोन गोष्टी विचारा: मूळ डेटाचा बॅकअप घेणार का, आणि कोड मला लिहून देणार का. काही जण कोड काढायच्या ऐवजी चिपमध्ये दुसराच डेटा टाकून लॉक उडवतात, सेट चालतो पण पुढच्या वेळी डीलरचा कोड पण लागत नाही आणि कोणाला काही कळत नाही. आणि जो माणूस आरसी न बघता सेट उघडायला तयार होतो त्याच्याकडे मी तरी माझी गाडी देणार नाही. आम्ही कागद मागितले की गिऱ्हाईक रागावतं, "माझीच गाडी आहे हो" म्हणतं, पण हातात नुसता सेट घेऊन येणाराही तेच म्हणतो.

ऑनलाइन सीरियल टाकून कोड देणाऱ्या साइट आहेत, त्यातल्या काही खऱ्या असतात, कारण काही कंपन्यांच्या जुन्या सेटमध्ये सीरियलवरून कोड काढायचं गणित बाहेर फुटलेलं आहे. पण आधी पैसे, मग ॲप डाउनलोड करा, मग मोबाइलची परवानगी द्या असा प्रकार दिसला की बंद करा.

कोड मिळाला की टाकायचा कसा: तास पूर्ण झाल्यावर सेट एकदा बंद करून चालू करा, आकडे टाकायची जागा येईल, बऱ्याच सेटवर 1000 असं दिसतं. पहिल्या आकड्यासाठी 1 नंबरचं बटण हवा तो आकडा येईपर्यंत दाबत राहायचं, दुसऱ्यासाठी 2 नंबरचं, तसंच 3 आणि 4. चारही बरोबर दिसले की मग ओके, आणि ओके नसलेल्या जुन्या सेटवर ट्यूनिंगचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. लोक कोड 2471 असेल तर 2, 4, 7, 1 अशी बटणं दाबतात आणि म्हणतात कोड चुकीचा दिला. टच स्क्रीनवाल्या सेटवर मात्र सरळ कीपॅड येतो.

बाकी गाड्यांचं पण सांगतो, कारण हा प्रश्न पोलोपुरता नाही. होंडाच्या जुन्या सिव्हिक, अकॉर्ड, सीआर-व्ही मध्ये पाच आकडी कोड असतो, दहा चान्स मिळतात आणि ते संपले की सेट चालू ठेवून एक तास थांबायचं. मधे एखादा आकडा चुकला तर तिथे थांबू नका, पाचही पूर्ण करा आणि मग पुन्हा पहिल्यापासून टाका. होंडात एक सोय छान आहे, बऱ्याच सेटवर 1 आणि 6 ही बटणं दाबून धरून सेट चालू केला की सीरियल नंबर स्क्रीनवरच येतो, डॅशबोर्ड उघडावा लागत नाही. नंतरच्या होंडांमध्ये तर पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की सेट स्वतःच गाडी ओळखतो आणि चालू होतो, कोड लागतच नाही, हे पाच सेकंदांत होतं आणि लोक दोन दिवस कार्ड शोधत बसतात. फोर्डच्या काही सेटवर पण 1 आणि 6 एकदम दाबून धरले की व्ही किंवा एम ने सुरू होणारा सीरियल दिसतो. फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं तरी सर्व्हिस चालू आहे, त्यामुळे विचारायला जागा आहे. रेनोच्या डस्टर वगैरेमध्ये टच स्क्रीनवाला सेटसुद्धा बॅटरी काढल्यावर चार आकडी कोड मागतो, सेटच्या स्टिकरवर एक अक्षर आणि तीन आकडे असा प्रीकोड असतो त्यावरून कोड निघतो, आणि दर चुकीला थांबायचा वेळ वाढत जातो. मारुतीच्या ज्या सेटमध्ये सिक्युरिटी आहे तिथे पिन मालकाने स्वतः सेट केलेला असतो, कंपनीने दिलेला नसतो, त्यामुळे तिथे पहिला फोन जुन्या मालकालाच. आणि नव्या गाड्यांत सेट कॅन लाइनवर, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्या वायरींवर एकमेकांना निरोप देतात तिच्यावर, गाडीशी बोलतो, चेसिस नंबर जुळला की गुपचूप चालू होतो. अशा गाडीत बॅटरी बदलल्यावर कोड मागितला तर माझा पहिला संशय हा की सेट त्या गाडीचा नाहीच.

आणि एक प्रकार असा की सेट लॉक नसतोच, मेलेला असतो, पण बॅटरी गेली होती म्हणून लोक त्याला लॉक समजतात. स्क्रीनवर काहीही अक्षर येत नसेल, लाइटसुद्धा नाही, तर कोडचा काही संबंध नाही. आधी फ्यूज बघा. जंपर केबल उलटी लागली असेल तर क्षणभरात सेटचा फ्यूज जातो, एक गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये असतो आणि बहुतेक वेळा एक सेटच्या पाठीत, 10 किंवा 15 ॲम्पियरचा. मीटर लावून चोवीस तासवाल्या लाइनवर चावी बंद असताना 12 व्होल्ट येतात का बघा. बाहेरचा सेट लावला असेल आणि चावी काढली की दरवेळी स्टेशनं पुसत असतील तर लाल आणि पिवळी उलटी लागली आहे, फोक्सवॅगनच्या जुन्या प्लगमध्ये ह्या दोन पिनांची जागा इतरांपेक्षा उलटी असते आणि घाईत बसवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आता जे कोणी विचारत नाही ते. तीन आठवड्यांत बॅटरी एवढी का बसली? नवीन टाकली म्हणून विषय संपला असं नाही. गाडी लॉक करून झोपली की तिचा करंट 50 मिलीॲम्पियरच्या आत असायला हवा. 50 धरला तरी दिवसाला 1.2 ॲम्पियर-तास, एकवीस दिवसांत 25, आणि तुमच्या गाडीची बॅटरी 45 च्या आसपास असेल, ती पण मुंबईत घर ते स्टेशन, स्टेशन ते घर अशा ट्रॅफिकमधल्या फेऱ्यांत कधी पूर्ण भरत नाही. म्हणजे जुन्या बॅटरीला तीन आठवडे हे तसेही जड जाणारच. पण गाडीत डॅशकॅम कायम लाइनवर असेल, जीपीएस ट्रॅकर असेल, किंवा ॲम्प्लिफायरची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) कोणी सरळ प्लसला जोडली असेल, तर तोच आकडा 300 मिलीॲम्पियरवर जातो आणि आठवडाभरात खेळ खलास. पोलोत अजून एक बघितलंय, बाहेरचा अँड्रॉइड सेट बसवताना प्लगमध्ये चावीवाली लाइन सापडत नाही म्हणून लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायम लाइनला देतात, सेट बंद दिसतो पण आतून जागाच असतो.

साधी तपासणी अशी: रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर 12.6 च्या आसपास दिसलं पाहिजे, 12.2 म्हणजे अर्धी. इंजिन चालू करून 13.8 ते 14.5 मध्ये असेल तर अल्टरनेटर ठीक. झोपेतला करंट मोजायला बरेच जण निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर घालतात, ते तुम्ही करू नका, वायर निघाली की सेट पुन्हा कोड मागणार. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर निगेटिव्ह केबलभोवती लावा, नसेल तर फ्यूजवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट मोजा, जिथे शून्याच्या वर काही दिसेल त्या सर्किटमधून करंट जातोय. गाडी लॉक करून, बॉनेट उघडं ठेवून, अर्धा तास थांबून मोजा, कारण तोपर्यंत गाडी नीट झोपलेली नसते. फ्यूज बॉक्स दरवाजाच्या आड असेल तर दरवाजाचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करून घ्या म्हणजे गाडीला दरवाजा लागल्यासारखा वाटतो, आणि चावी गाडीपासून लांब ठेवा.

पुढच्या वेळी बॅटरी बदलताना बॅटरीवाल्याला सांगा की करंट न तोडता बदल. त्याच्याकडची दुसरी बॅटरी जंपर केबलने गाडीच्या केबलना लावून ठेवायची आणि मग टर्मिनल सोडायची, किंवा ओबीडी सॉकेटमधून (मेकॅनिक स्कॅनर लावतो ते) 12 व्होल्ट द्यायचे, 16 नंबरची पिन प्लस असते, 4 आणि 5 अर्थ. फक्त एवढं लक्षात ठेवा की अशा वेळी मोकळी लोंबणारी प्लस केबल जिवंत असते, बॉडीला लागली की ठिणगी उडते, म्हणून तिच्यावर जाड फडकं किंवा रबरी हातमोजा गुंडाळायचा. लायटरच्या सॉकेटमध्ये 9 व्होल्टची बॅटरी लावायचा जुगाड बऱ्याच गाड्यांत चालत नाही कारण चावी काढली की ते सॉकेटच मरतं.

आणि हो, तुमच्या खिडक्या आता एका टचमध्ये वर जात नसतील, ते पण बॅटरीमुळेच. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद तसंच ओढून धरा, मग सोडून पुन्हा एकदा धरा, प्रत्येक खिडकीला वेगळं. स्टेअरिंगचा पिवळा दिवा लागून राहिला असेल तर इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि थोडी गाडी चालवा, जातो तो. हे करूनही करंट कुठे जातोय ते सापडलं नाही तर कुठल्या फ्यूजवर किती मिलीव्होल्ट दिसले ते लिहून पाठवा, फ्यूज कितीचा आहे तेही, त्यावरून सांगतो.